नवरदेवाच्या सुरीवरची वेल

१२ नोव्हेंबर १९७८

खताच्या दुकानातून भेटलेली डायरी वर्षभर कोरीच पडली होती. पोरगी चंद्रकांता ती चुलीत घालाले निघाली. मी म्हटलं, ठेव. आता लिहीन तं कामापुरतंच लिहीन.

आज आंबागडचा एक माणूस सुरी वापस घेऊन आला. पोराच्या लगनासाठी नेली होती. दुकानासमोर उभा राहून त्यानं सुरी हातात धरली, टोक वर, जशी नवरदेव धरते तशी. लिंबू टोकाले खोचतात तिथं बोट लावलं. म्हणे, सोमाजी, पाहा वेल कोठं चालली.

मी पाह्यलं. वेल टोकाजवळ उगवली होती अन् मुठीकडं उतरत होती.

"नवरदेव काय वेल जमिनीत गाडाले चालला का?"

रोडवर ट्रक उभा करून चहा पिणारे दोघं हसले. मी सुरी ठेवून घेतली, दुसरी देईन म्हटलं. चूक माझीच हाये. तीस वर्षं भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांवर नावं कापली. नाव डाव्या हातापासून सुरू होते. पातं हालू नये म्हणून गरम राळेत बसवलं की टोक डाव्या हातालेच येते, म्हणून मी वेलही तिथूनच सुरू केली. नाव कापल्यासारखी वेल कापली. वेल काय अक्षर हाये?

आता चार महिन्यांनी लगनसराई. यंदा भांड्यांवर नाव टाकाले कोणी येत नाई, स्टीलचे भांडे आले, त्याच्यावर मशीननं टाकतात. म्हणून सुऱ्यांचं काम धरलं. तेच उलटं निघालं.

१९ नोव्हेंबर

उजवीकडून सुरू करून पाह्यली. मुठीपासून टोकाकडं. आता वेल वर जाते पण दिसते जिलेबीसारखी. एक गोल, बाजूले दुसरा गोल, बाजूले तिसरा. तिन्ही सारखे.

तुलाराम लोहार नवी पाती घेऊन आला होता. तो पाती घडवून नरमच आणते, पाणी न पाजता. मी वेल कापतो, मग तो भट्टीत लाल करून पाणी पाजते. कडक झाल्यावर माझं कलम, डाव्या हातातली छिन्नी, चालत नाई. त्यानं माझी वेल पाह्यली अन् इचारलं, पाक कोठं हाये. मी म्हटलं, तू पाती पाहा, वेल मी पाहीन. हसत हसत गेला.

कागदावर आखून मग कापावं असं तो म्हणते. मले ते नाटक वाटते. ज्याचा हात चालते त्याले पेन्सिल कायले पायजे?

डाव्या हाताची करंगळी झोपल्यासारखी झाली. बसून बसून होते.

३ डिसेंबर, इतवार

आज नेटानं बसलो. चंद्रकांताच्या हातात सुरी दिली अन् म्हटलं, नवरदेवासारखी धर. ती लाजली, म्हणे बाबा, मी कायले धरू, नवरी सुरी धरत नसते. मग तिच्या मायनं धरली. टोकाले लिंबू लावलं.

दिसलं ते असं. मुठीच्या वर दोन बोटं माणसाच्या पंजात जातात. टोकाकडची दीड बोट जागा लिंबात जाते. उरते मधली पाच बोटं. म्हणजे मी इतके दिवस सगळ्यात चांगली गुंडी, वेलीचा गोल, लिंबाच्या आत कापून राहिलो होतो. कोणी पाह्यलीच नाई. लिंबू पिळणाराच पाहीन.

पात्याले चुन्याचं पाणी लावलं, वाळू देलं, पेन्सिलनं दोन आडव्या रेघा मारल्या. वेल ह्या दोन रेघांच्या मधातच राहील. आखणीच झाली ही. तुलारामले सांगणार नाई.

१४ डिसेंबर

राळ गरम करताना काहीतरी जळल्याचा वास आला. चंद्रकांताची माय सैपाकघरातून ओरडली, भाकर जळली का. भाकर नव्हती. माझी करंगळी राळेत टेकली होती. कातडं पांढरं पडून वर आलं.

दुखलं नाई. थंडीचे दिवस, हात गारठते.

तिनं हळद-तेल लावून चिंधी बांधली. बांधताना बाही कोपरापर्यंत वर केली, लय वेळ पाहत बसली. मी म्हटलं, बोट बांध, हात काय पाहतेस. तिचं बोलणं आजकाल कमीच हाये.

५ जानेवारी १९७९

छापलेल्या तारखा खोडून नव्या लिहून राहिलो. डायरी जुनी, वर्ष नवं. चालते.

आज बांधीवर, आमच्या शेतात, गेलो. भावानं तलावाचं पाणी गव्हाले सोडलं होतं. मी पाटाच्या कडेले उभा राहिलो. एका बांधीले पाणी नेण्यासाठी भावानं पाटाले आडवा काप दिला होता, एकदम काटकोनात. तिथं पाणी आदळून पाळ फुटली. तो शिव्या देत माती टाकत होता. वरच्या अंगाले आमच्या बापानं काढलेला फाटा हाये, चाळीस वर्षांचा. तो पाटापासून आडवा निघत नाई. आधी पाटाच्या सोबतच चालते, मग हळूच बाजूले होते, मग वळते. पाण्याले समजतही नाई आपण कधी फुटलो.

वेलही तशीच फुटली पायजे. मी गुंडी मधल्या देठाले आडवी चिकटवत होतो. म्हणून जिलेबी.

भाऊ म्हणे, उभा काय राहिला, फावडं घे. फावडं धरलं पण डाव्या हातातून दोनदा सुटलं. तो म्हणे, दुकानात बसून हात बायकी झाला.

घरी येऊन पाटीवर काढली. आधी एक लांब देठ, सापासारखा, मुठीपासून लिंबापर्यंत. मग देठाच्या वळणातून पहिली गुंडी, मोठी. दुसरी तिच्या उलट अंगाले, थोडी लहान. तिसरी आणखी लहान. पानं सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात. तीनदा पुसली. चौथ्या वक्ताले वेल चालाले लागली.

१८ जानेवारी

चंद्रकांताचं साक्षगंध झालं. पवनीकडच्या कोंढ्याचे लोक. धानाची शेती, तलावाखालची जमीन, पोरगा दहावी. पोराचा बाप तेजराम, माझ्यासारखाच, बोलणं कमी अन् तंबाखू जास्त. लगन दहा मेले.

सकाळी बुढीनं, चंद्रकांताच्या मायनं, मले लांब बाहीचा सदरा दिला. मी म्हटलं, उकडते. ती म्हणे, पाहुणे आहेत. जानेवारीत उकडते म्हणता? बटन मले लागेना, तिनंच लावलं.

जेवणानंतर तेजरामनं चार लोकांत सांगतलं, नवरदेवाची सुरी आमच्याकडून नाई, इवायाच्या हातची पायजे. कोंढ्यात कोणाकडं तशी सुरी नसन. सगळे हो हो म्हणाले. मीही म्हटलं.

मनात काय आलं ते आठवत नाई. पान खाल्लं.

९ फेब्रुवारी

सहा सुऱ्या गेल्या. आंबागडवाल्यालेही बदलून देली. त्यानं उभी धरून पाह्यली, मग आडवी, मग काही न बोलता कपड्यात गुंडाळली. त्या माणसासाठी एवढं पुष्कळ हाये.

तुलाराम म्हणे, सोमाजी, तुझा हात सुधारला. मी हो म्हटलं. पण खरं उलटं हाये. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट, दोन्ही झोपले ते उठतच नाईत. आधी करंगळी पात्यावर टेकवून कलम चालवत होतो. कलम किती खोल गेलं ते करंगळीले समजत होतं, मले पाहाही लागत नव्हतं. आता ती काही सांगत नाई. म्हणून रेघ पक्की आखून घ्या लागते. आखलेल्या रेघेवर डोळा ठेवा लागते. अन् आवाज ऐका लागते. कलम बरोबर चालते तेव्हा बारीक आवाज येते, खोल गेलं की जाड.

हात गेला तशी वेल सुधारली. कोणाले सांगितलं तं येडा म्हणन. आधी हात चालन तशी वेल जात होती, मी मागं मागं. आता मी आधी जातो.

२० फेब्रुवारी

दुपारी जेवाले बसलो अन् बुढीनं मले उठवलं. म्हणे, बांधीवर जाऊन या, भावाले निरोप द्या. कोणता निरोप? म्हणे, येता का इचारा. ताटावरून उठवून असला निरोप कोणी देते का? गेलो. भाऊ म्हणे, कायले येऊ?

वापस आलो तेव्हा शेजारच्यानं सांगतलं, सरकारी सर्वेवाला सायकलनं आला होता, घरोघरी सगळ्यांचं अंग पाहत होता. चट्टा हाये का ते.

बुढीले इचारलं तं म्हणे, आला होता, गेला.

९ मार्च

तो सर्वेवाला आज दुकानावर आला. मधुकरराव नाव. सायकल उभी केली अन् म्हणे, काका, सुरी पाहू द्या. मी दाखवली. तो सुरी पाहत नव्हता, माझा हात पाहत होता. दोन बोटं आत वळतात आता, कोंबडीच्या पायासारखी.

म्हणे, बाही वर करा. केली. कोपराच्या खाली फिकट डाग हाये, रुपयाएवढा. जुनाच हाये. मी म्हटलं, नायटा हाये.

म्हणे, डोळे मिटा. मी पेनानं शिवतो. शिवलो की बोट दाखवा.

मी मिटले. रोडवरून ट्रक गेला, दुसरा गेला. शेजारच्या दुकानात कोणीतरी टायरात हवा भरत होतं. मी वाट पाहत बसलो. मले वाटलं, हा पेन शोधून राहिला.

मग मी म्हटलं, "करा ना सुरू."

"नऊ वेळा शिवलो, काका."

डोळे उघडले. तो पेनाचं टोपण लावत होता.

तो पुष्कळ बोलला. महारोग म्हणू नका, कुष्ठरोग म्हणा. देवाचा कोप नाई. हा सुरीनं पसरत नाई, भांड्यानं नाई. गोळ्या फुकट आहेत, काही वर्षं घ्या लागतील. गेलेलं वापस येईल असं सांगत नाई, पण पुढचं जाणार नाई. हातानं समजत नाई ते डोळ्यानं पाहा, गरम वस्तू उजव्या हातानं शिवून मग डाव्यात घ्या. दर गुरुवारी दवाखान्यात या.

मी म्हटलं, बरं.

तो गेल्यावर मी अर्धी राहिलेली गुंडी पूर्ण केली. चांगली झाली.

१२ मार्च

बुढीले सांगतलं. ती भांडे घासत होती, घासतच राहिली. म्हणे, मले दसऱ्यापासून माहीत हाये.

माझ्या मामीले होता, म्हणे. असाच डाग, अशीच बोटं. तिले गावाबाहेर झोपडी बांधून देली होती, जेवण दुरून ठेवत. तिच्या दोन पोरींचे लगन झालेच नाईत.

"अवो, लगन होऊ द्या. दहा मे. मग जा गुरुवारी का शुक्रवारी जायचं ते."

मी हो म्हटलं. दोन महिने काय हाये.

मधुकरराव घरी आला, म्हणे, घरच्यांना पाह्यलं पायजे. बुढीनं दार लावून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच दार उघडलं, म्हणे पोरीले पाहा, मले पाहा, पण लवकर. त्यानं पाह्यलं. दोघी साफ हायेत.

चंद्रकांतानं संध्याकाळी चहा देला, रोज देते तसाच, माझ्या कपात.

१३ मार्च

होळी. लाकडं कमी होती. घरी बसलो.

२ एप्रिल

पोरीच्या लगनाची सुरी घेतली. तुलारामनं पातं चांगलं देलं, मधात थोडं रुंद. म्हणे, पोरीचं हाये म्हणून.

तीन दिवस आखणीच केली. बाकीच्या सुऱ्यांवर गुंड्या लहान लहान होत टोकाकडं जातात, हे खरं. पण सगळ्यांत जागा सारखीच भरलेली असते, डोळा कोठं थांबत नाई. ह्या वक्ताले पहिली गुंडी मोठी घेऊन तिच्या मागं जागा मोकळी सोडली. बुढी म्हणे, इथं राहिलं का कापायचं? मी म्हटलं, राहिलं नाई, ठेवलं. बांधीत धान दाट लावलं तं लोंबी भरत नाई. तसंच हाये.

देठ आधी जाड कापला, वर बारीक होत गेला. पानाच्या आत तीन सावलीच्या रेघा, चार नाई. चार मारल्या की पान काळं पडते.

एक बाजू अकरा दिवसांत होईन असं वाटते. आधी एका दिवसात दोन सुऱ्या करत होतो. डाव्या हातात कलम राहत नाई, आता सुतळीनं अंगठ्याले बांधून घेतो.

१५ एप्रिल

एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूले आखणीही केली अन् कलम बांधून बसलो. कलम घसरलं. तीनदा घसरलं. चौथ्या वक्ताले अंगठ्याच्या मुळाशी रक्त दिसलं, तेव्हा समजलं कापलं म्हणून. चुना पुसून टाकला. दुसरी बाजू साधीच राहील. तुलारामले देली, त्यानं पाणी पाजून आणून देली.

तो म्हणे, अशी वेल मी पाह्यली नाई. मी म्हटलं, पाह्यली ना आता.

बुढी रोज तेच बोलते. पंगतीत तुम्ही वाढू नका. पाय धुताना उजवा हात पुढं करा. कोणी इचारलं तं म्हणा ट्रकचं दार लागलं. पाहुण्यायच्या बायका आल्या तं दुकानावरच राहा. ऐकून ऐकून डोकं उठलं.

अन् लगनानंतर समजलं तं? कोंढ्यापर्यंत बोलणं पोहोचाले किती वेळ लागते? तेव्हा मी इथं लाखनीत राहीन अन् पोरगी तिथं. लगनानंतर समजलं तं पोरीले भोगा लागन. आधी समजलं तं आपल्याले.

१८ एप्रिल

कोंढ्याले जाऊन आलो. बुढीले सांगतलं, भंडाऱ्याले जातो.

सुरी पिशवीत घेतली होती. आधी सुरी दाखवायची अन् मग बोलायचं, असं ठरवलं होतं. तेजराम आंगणात खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. बसा इवाई म्हणाला, पाणी आणाले सांगतलं. मी म्हटलं, पाणी नंतर. बाही वर केली अन् सांगून टाकलं. नाव घेऊन सांगतलं. सुरी पिशवीतच राहिली.

त्यानं दोर वळणं थांबवलं नाई. हातभर वळला. मग इचारलं, पोरीले? मी म्हटलं, सरकारी माणसानं पाह्यलं, पोरगी साफ हाये, तिची माय साफ हाये. म्हणे, कोणाकोणाले माहीत हाये? मी म्हटलं, आता तुमाले. पुन्हा हातभर वळला. मी उठण्याच्या तयारीत होतो. लगन मोडलं असंच मी धरून गेलो होतो, म्हणून काही वाटत नव्हतं. बस कितीची हाये ते आठवत होतो.

मग म्हणे, लगन ठरलं ते ठरलं. पोरगी पाहून ठरवलं. घरच्या बायकायले सांगू नका, मी सांगन तेव्हा सांगन.

बसपर्यंत सोबत आला. थोडा अंतर ठेवून चालत होता, का रस्ताच तसा होता, सांगता येत नाई. बस दिसली तेव्हा त्यानं माझ्याकडं न पाहता म्हटलं,

"सुरी मात्र आमची आम्ही आणू."

मी म्हटलं, "बरं."

बसमधे बसाले जागा भेटली. पिशवी मांडीवर होती.

१९ एप्रिल

बुढीले सांगतलं. ती खाली बसली. लगन होते असं दोनदा सांगा लागलं, तेव्हा उठली. मग मले नाई नाई ते बोलली, भाऊही घरात होता तरी बोलली. बोलून झाल्यावर सैपाकाले लागली.

सुरीचं सांगतलं तेव्हा चंद्रकांता तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाई.

२६ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात गेलो. लाईन बाहेर झाडाखाली लागते, रोडवरून सगळ्यांना दिसते. चौदा लोक होते. त्यातले चार माझे गिऱ्हाईक. एकानं राम राम केला. मी केला.

पांढरी गोळी हाये, लहान. मधुकरराव म्हणे, कामावर डाव्या हाताले कापड गुंडाळा. मी म्हटलं, कापडानं कलम समजत नाई. तो म्हणे, तसंही समजत नाई ना काका. बरोबर हाये त्याचं.

१२ मे

परवा लगन झालं. मांडव बरा झाला. वाऱ्यानं एक बाजू उडाली होती, पोरांनी बांधली.

नवरदेवाच्या हातात बाजारातली सुरी होती. साधी, लाकडी मुठीची, वर लिंबू. तेजरामच्या नातेवाईकांनी इचारलं, इवायाच्या हातची ना ही? तेजराम म्हणे, त्यायच्या हाताले लागलं, यंदा जमलं नाई. माझ्याकडं पाहून म्हटलं नाई.

पोरीचे पाय धुताना मी दोन्ही हात लावले. बुढीनं पाह्यलं. पाणी गरम होतं का थंड ते उजव्या हाताले समजलं. थंड होतं.

पोरगी गेली तेव्हा बाया रडल्या. मी गाडीत सामान मोजत होतो. पेटी, बिछाना, पाण्याचे दोन गुंड, परात. भांड्यांवर तिचं नाव मीच कापलं होतं, मागच्या साली, हात चांगला होता तेव्हा.

२० मे

दुकान उघडलं. पोरीची सुरी डब्यात ठेवली होती, आता डब्यात नाई. फडकं हाये, सुरी नाई. बुढीले इचारलं, म्हणे मले काय माहीत. लगनाच्या घरात कोणीही काहीही उचलते. गेली असन. शोधली नाई.

पाटीवर दोन नव्या आखण्या केल्या. कापणार कोण ते माहीत नाई. तुलाराम म्हणे, तू आख, मी कापतो. त्यानं एक कापली. नांगर चालवल्यासारखी कापली. मी म्हटलं, पुन्हा काप.

१५ जुलै

धानाचे पऱ्हे लावणं सुरू झालं. चिखलात मले पाठवत नाईत. पायाले काही लागलं तं समजणार नाई म्हणून.

तुलारामची सातवी वेल बरी झाली. हातोडी हलकी मारायची हे त्याले समजाले सहा पाती गेली.

२० ऑगस्ट

पोळ्यासाठी चंद्रकांताले आणाले कोंढ्याले गेलो. परवा पोळा.

पोरीच्या घरचं आपण पाणी घेत नाई, ही रीत हाये, म्हणून बरं झालं. मले कोणत्या पेल्यात द्यावं याचा कोणाले विचार करा लागला नाई. ओट्यावर बसलो. चंद्रकांता बरी हाये. थोडी वाळली. हातात हिरव्या बांगड्या.

तेजराम बांधीवरून आला, पाय धुतले, माझ्यापासून दोन हातांवर बसला. पाण्यापावसाचं बोललो. त्यानं काकडी मागितली. चंद्रकांता आतून काकडी अन् सुरी घेऊन आली अन् तिथंच बसून चिरू लागली. मी सुरी पाह्यली. मूठ तिनं सुतळीनं बांधून घेतली होती. पातं रोजच्या कामाचं दिसत होतं, धारेजवळ काकडीचं पाणी, वेलीच्या खाचेत थोडी हळद बसलेली.

तिनं माझ्याकडं पाह्यलं नाई. सासऱ्यासमोर फोडी ठेवल्या अन् आत गेली.

तेजरामनं दोन फोडी खाल्ल्या. मग सुरी उचलली. उजेडाकडं केली, मुठीपासून टोकापर्यंत अंगठा फिरवला, जिथं मी जागा मोकळी ठेवली होती तिथं थांबला. मग उलटी केली.

"ह्या बाजूले काहून नाई?"

मी म्हटलं, तिथपर्यंत हात पुरला नाई.

त्यानं एक फोड आणखी खाल्ली. म्हणे, गोळ्या चालू हायेत का? मी म्हटलं, दर गुरुवारी. म्हणे, आता कोण कापते मग? मी म्हटलं, आखतो मी, तुलाराम लोहार कापते. बरा कापाले लागला.

त्यानं सुरी धोतराले पुसली, दोन्ही बाजूंनी. चंद्रकांताले हाक मारून म्हणे, ही तुझ्या पेटीत ठेव, पोळ्याहून येशीन तेव्हा बाबाकडून पुरी करून आण. लहान्या पोराचं लगन धरलं हाये माघात.

ती हो म्हणाली अन् उभीच राहिली.

बसमधे तिनं सुरी पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, पाणी पाजलेलं हाये, अशी कापता येणार नाई. तुलारामले आधी भट्टीत लाल करून नरम करा लागन. अन् पहिल्या बाजूले जाळ लागला तं वेल काळी पडन, तिच्यावर मातीचा लेप द्या लागन.

ती म्हणे, द्या ना मग.

उद्या तुलारामकडं जातो. पोळ्याच्या दिवशी तो काम करत नाई.